न वापरलेला व्हेटो

15 ऑगस्टला झेंडा, भाषण आणि सुट्टी फक्त आपल्याकडेच असते असं नाही. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे लिख्टेनस्टाइन नावाचं एक चिमुकलं संस्थान आहे, क्षेत्रफळ 160 चौरस किलोमीटर म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहूनही कमी, त्यांचाही राष्ट्रीय दिन 15 ऑगस्टच. कारण अर्थात वेगळं आहे, तो दिवस मेरी मातेच्या सणाचा आणि दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या प्रिन्सचा, म्हणजे तिथल्या राजाचा वाढदिवस, तर 1940 मध्ये दोन्ही जुळवून घेतलं. त्या दिवशी राजधानी फाडुत्सच्या किल्ल्याजवळच्या कुरणावर लोक जमतात, प्रिन्स भाषण करतो, मग सगळ्यांना किल्ल्याच्या बागेत बिअरचं आमंत्रण असतं आणि रात्री आतषबाजी. जगात किती ठिकाणी राज्यप्रमुख अख्ख्या देशाला घरी बोलावू शकतो? ऐकायला खरंच गोड वाटतं, आणि मला ते खोटं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की मला राजेरजवाडे बघवत नाहीत.

मुद्दा 2011 च्या 15 ऑगस्टचा आहे, आणि तिथून पुढच्या साधारण वर्षभराचा. त्या दिवशी युवराज आलोइस यांनी भाषणात सांगून टाकलं की सप्टेंबरमध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर जे सार्वमत होणार आहे त्यात लोकांनी 'हो' म्हटलं तरी मी त्या कायद्यावर सही करणार नाही. आलोइस म्हणजे प्रिन्स हान्स-आडाम दुसरे यांचे थोरले चिरंजीव, 2004 पासून वडिलांच्या वतीने रोजचा कारभार तेच बघतात. आणि तिकडच्या राज्यघटनेप्रमाणे सही नाही म्हणजे कायदा नाही, हाच राजाचा व्हेटो. सहा महिन्यांत सही झाली नाही तर ती नाकारली असंच धरलं जातं, कारण द्यायचीसुद्धा गरज नाही.

आपल्याकडे त्याच आठवड्यात काय चाललं होतं आठवा. 16 ऑगस्टला अण्णा हजारेंना दिल्लीत अटक झाली आणि राळेगणसिद्धीपासून रामलीला मैदानापर्यंत एकच वाद पेटला, की कायदा संसद करणार की रस्त्यावरची जनता. लिख्टेनस्टाइनमध्ये त्या वेळी जो प्रश्न होता तो याच्याही एक पायरी पुढचा होता. तिथे जनतेला थेट मतदान करून कायदा करायचा हक्क आहेच, 1000 सह्या जमवा आणि कायद्याचा प्रस्ताव मांडा, 1500 जमवा आणि घटनादुरुस्तीचा मांडा, संसदेने नाकारला तर तो सार्वमताला जातो. आपल्याकडे आंदोलक जे मागत होते त्याच्याही पलीकडचं हे सगळं तिथे आधीपासून कागदावर आहे. फक्त शेवटच्या पानावर एका माणसाची सही लागते.

आधी गर्भपाताचा प्रस्ताव नक्की काय होता ते बघू कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिथला कायदा तेव्हा असा होता की गर्भपात करून घेणाऱ्या बाईला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि तो देशाबाहेर जाऊन केला तरी गुन्हाच. प्रत्यक्षात बायका सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला नाहीतर ऑस्ट्रियाला जायच्या, सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलायचं नाही. तर 'शिक्षेऐवजी मदत' अशा नावाने काही लोकांनी प्रस्ताव आणला की पहिल्या 12 आठवड्यांत शिक्षा नको, आणि गर्भात गंभीर अपंगत्व असेल तर त्यानंतरही नको. आलोइस यांचा आक्षेप विशेषतः या दुसऱ्या भागावर होता, अपंग मूल आहे म्हणून त्याला जन्मच नाकारायचा हे आम्हाला मान्य नाही असं त्यांचं म्हणणं. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पत्नी सोफी यांनी अडचणीत सापडलेल्या गरोदर बायकांसाठी सल्ला आणि मदत देणारी संस्था काढलेली आहे, घराणं कट्टर कॅथलिक आहे, श्रद्धा खरी आहे. अपंगांचा मुद्दा तर असा आहे की ज्यावर भले भले पुरोगामी लोकही अडखळतात.

पण श्रद्धा खरी असणं वेगळं आणि मतदानाच्या पाच आठवडे आधी व्यासपीठावरून निकाल सांगून ठेवणं वेगळं.

18 सप्टेंबरला निकाल लागला. 52 टक्क्यांहून थोडे जास्त विरोधात, 47 टक्क्यांहून थोडे जास्त बाजूने. देशच एवढासा की हा फरक मोजून पाचशेच्या आसपास मतांचा होता. मतदान साठ टक्क्यांच्या आसपास झालं. आता राजवाड्याची बाजू घेणारे लगेच म्हणतात की बघा, लोकांनीच नाकारलं, व्हेटो वापरायची वेळच आली नाही. मला नेमकं इथेच थांबायचं आहे. ज्या माणसाला माहीत आहे की आपण जिंकलो तरी सही होणार नाही, तो रविवारी सकाळी उठून मत द्यायला कशाला जाईल? जो कुंपणावर आहे त्याला असं वाटणार नाही का की उगीच राजा आणि प्रजा यांच्यात भांडण कशाला लावा, त्यापेक्षा नाहीच म्हणून टाकू? असे किती होते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तेच तर दुखणं आहे. पाचशे मतांच्या फरकाच्या निवडणुकीत अशी घोषणा झाल्यावर निकालातून लोकांचं खरं मत काय हे कधीच कळू शकत नाही. तो आकडा उरतो, त्याचा अर्थ उरत नाही.

व्हेटोचं समर्थन करणारे नेहमी एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात की तो फार क्वचित वापरला जातो, मागे 1961 साली शिकारीच्या कायद्यावर वापरला होता त्यानंतर कुठे. ही मला सगळ्यात फसवी दलील वाटते. जे हत्यार नुसतं दाखवून काम होतं ते वापरायला कोण जातं? न वापरलेला व्हेटो हा वापरलेल्या व्हेटोपेक्षा जास्त ताकदवान असतो कारण त्याची किंमत राजाला मोजावी लागत नाही. सही नाकारली तर दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येईल की अमुक इतक्या हजार लोकांच्या विरोधात एकटा प्रिन्स. आधीच सांगून ठेवलं की तो प्रसंगच येत नाही, लोक स्वतःहूनच माघार घेतात आणि वर असं दिसतं की ती लोकांचीच इच्छा होती.

कुणी म्हणेल तिथले लोकच मुळात जुन्या वळणाचे असतील, राजाचं ऐकणारे, डोकं न चालवणारे. अजिबात नाही. त्याच वर्षातली बाकीची मतदानं बघा. जूनमध्ये समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा सार्वमताला गेला होता आणि त्याला 68 टक्क्यांहून जास्त लोकांनी पाठिंबा दिला, राजवाड्याची सही झाली, 1 सप्टेंबरपासून कायदा लागू. म्हणजे त्याच कॅथलिक देशात, त्याच उन्हाळ्यात, जिथे राजवाडा आडवा आला नाही तिथे लोक दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी नव्या बाजूला गेले. आणि ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने नवीन सरकारी हॉस्पिटल बांधायचा प्रस्ताव आणला तर लोकांनी तो सरळ फेटाळून लावला, खर्च जास्त वाटला म्हणून असेल, जागेवरून असेल, काहीही असो. सरकारला 'नाही' म्हणायला हे लोक घाबरत नाहीत. एका वर्षात तीन वेळा देशाने तीन वेगळ्या दिशांना मत दिलं, आणि तिन्हीपैकी जिथे आधीच दार बंद असल्याचं सांगितलं होतं तिथलाच निकाल संशयाचा राहिला.

गर्भपाताच्या निकालानंतर काही नागरिक पेटून उठले आणि त्यांनी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणला. नाव मोठं छान होतं, 'हो, म्हणजे तुमच्या मताला किंमत राहील' अशा अर्थाचं. मागणी एवढीच की संसदेने केलेल्या कायद्यावर राजाचा व्हेटो राहू द्या, पण जे लोकांनी स्वतः मतदान करून ठरवलं त्यावर नको. राजेशाही बंद करा असं कुणी म्हणालं नव्हतं, किल्ला रिकामा करा म्हणालं नव्हतं, बिअरसुद्धा चालू ठेवा. राजवाड्याकडून मात्र असा सूर आला की अधिकार कापले तर घराणं राजकीय जबाबदारीतून बाजूला होईल. संसदेत म्हणजे त्यांच्या लांडटागमध्ये 25 सदस्य असतात, सगळे पार्टटाइम, आपापली नोकरी-धंदा सांभाळून येणारे, त्यातल्या बहुतेकांनी मे महिन्यात प्रस्तावाच्या विरोधात आणि राजाच्या बाजूने भाषणं केली. लोकांनी निवडून दिलेले लोक, लोकांच्या अधिकाराविरुद्ध बोलायला उभे!

1 जुलै 2012 ला मतदान झालं, ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक बाहेर पडले, आणि 76 टक्के लोकांनी सांगितलं की नको, व्हेटो राहू दे.

76 टक्के म्हणजे काही पाचशे मतं नाहीत. इथे मी सुद्धा गप्प बसायला हवं असं कुणी म्हणेल. लोकांनी मोकळेपणाने मतदान केलं, मोजणीत काही गडबड नाही, कुणाला धमकावलं नाही, तर मग आपण कोण लागून गेलो? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. लोकशाही म्हणजे लोकांनी आपल्याला आवडेल तेच निवडावं असा अर्थ नसतो, आणि परक्या देशातल्या लोकांना अक्कल शिकवायचा रोग आपल्या सोशल मीडियावर भरपूर आहे. पण लोकांपुढे प्रश्न कसा ठेवला गेला होता हे बघितल्याशिवाय त्या 76 टक्क्यांना पूर्ण मार्क देता येत नाहीत.

गंमत अशी आहे की तिथल्या घटनेत राजेशाहीच बरखास्त करायची सोय आहे. खरंच आहे. 2003 मध्ये हान्स-आडाम यांनी जी नवी घटना मंजूर करून घेतली त्यात हे कलम आलं, 1500 नागरिकांनी सह्या केल्या की राजेशाही संपवण्याचा प्रस्ताव पुढे जातो आणि त्या प्रक्रियेला राजाचा व्हेटो लागू होत नाही. राजावर अविश्वास दाखवायचीसुद्धा सोय आहे. गावांना देशातून फुटून निघायचीही सोय आहे, 11 गावांपैकी कुणालाही! हान्स-आडाम हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगतात की बघा, जगातल्या कुठल्या राजाने स्वतःला काढून टाकायचं बटण लोकांच्या हातात दिलंय. आणि ऐकणाऱ्याला वाटतं वा, काय मनाचा मोठेपणा.

पण आता दुसरी बाजू बघा. राजाचा अधिकार थोडासा कमी करायचा असेल तर ती झाली साधी घटनादुरुस्ती, आणि साध्या घटनादुरुस्तीला राजाची सही लागते. म्हणजे 2012 मध्ये 'हो' जिंकलं असतं तरी व्हेटोवर मर्यादा घालणाऱ्या त्या दुरुस्तीवरच व्हेटो वापरता आला असता. याचा अर्थ काय झाला तर लोक राजाला पूर्ण घालवू शकतात पण त्याची एक नखभर सुद्धा ताकद त्याच्या मर्जीशिवाय कमी करू शकत नाहीत. घ्यायचा तर अख्खा घ्या नाहीतर अजिबात घेऊ नका. माझ्या मते सगळी चलाखी या एका रचनेत आहे. सर्वसाधारण माणूस मधलाच असतो हो, त्याला राजा आवडतो पण राजाने त्याच्या मतावर पाणी फिरवलेलं आवडत नाही, आणि त्या मधल्या माणसाला घटनेत उभं राहायला जागाच नाही. त्याच्यापुढे प्रश्न असा ठेवला जातो की घराणं पाहिजे की नको, मग तो अर्थातच घराणं म्हणतो.

ही पद्धत जुनी आहे. 2003 च्या सार्वमताआधी हान्स-आडाम यांनी सांगितलं होतं की माझी घटना मंजूर झाली नाही तर मी कुटुंबासकट व्हिएन्नाला निघून जाईन. व्हेनिस आयोगाने म्हणजे युरोप परिषदेच्या घटनातज्ज्ञांच्या मंडळाने आधीच इशारा दिला होता की हे युरोपातल्या लोकशाहीच्या दिशेच्या उलट चाललंय, तरी 64 टक्के मतांनी घटना मंजूर. त्यात न्यायाधीश निवडणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही राजाकडे आणि निर्णायक मतही राजाकडे. त्याच्याही आधी 1992 मध्ये युरोपियन इकॉनॉमिक एरियात म्हणजे युरोपच्या सामायिक बाजारपेठेत जायचं की नाही त्या मतदानाच्या तारखेवरून त्यांनी सरकार आणि संसद दोन्ही घरी पाठवायची तयारी केली होती. कारण शेजारी स्वित्झर्लंडचं मतदान 6 डिसेंबरला, आणि प्रिन्सना आपलं त्याच्या आधी हवं होतं. ऑक्टोबरमध्ये दोनेक हजार लोक फाडुत्समध्ये सरकारी इमारतीसमोर जमले, एवढ्याशा देशात दोन हजार म्हणजे काय हे लक्षात घ्या. शेवटी तडजोड झाली, मतदान स्विसांच्या नंतर 13 डिसेंबरला झालं, स्विसांनी नाही म्हटलेलं असूनही यांनी हो म्हटलं. म्हणजे त्या खेपेला राजाला हवा होता तोच निकाल लोकांनी स्वतःच्या बुद्धीने दिला, तारखेवरून केलेला आटापिटा फुकट!

आणि उघड बोलणाऱ्याचं काय होतं? हर्बर्ट विले नावाचे गृहस्थ, आधी उपपंतप्रधान होते, नंतर तिथल्या प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष. 1995 मध्ये एका व्याख्यानात ते म्हणाले की घटनेच्या अर्थावरून राजा आणि सरकार यांच्यात मतभेद झाले तर निर्णय घटना न्यायालयाने द्यावा. साधं अॅकेडमिक विधान. प्रिन्सनी पत्र लिहून कळवलं की यांना मी पुन्हा त्या पदावर नेमणार नाही, आणि खरंच नेमलं नाही. विले स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 1999 मध्ये केस जिंकले, अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग झाला असा निकाल. पण विचार करा, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, जिथे तुमचा साहेब, तुमचा डॉक्टर आणि तुमचा आमदार एकाच बेकरीत पाव घेतात, तिथे न्यायालयाच्या अध्यक्षाचं असं होतं हे बघितल्यावर साधा शाळामास्तर व्हेटोच्या विरोधात सही करताना दोनदा विचार करणार की नाही? मला तर त्या 24 टक्क्यांचंच कौतुक वाटतं. छोट्या देशात लोकशाही आपोआप चांगली असते हा आपला एक गैरसमज आहे, ग्रामसभेत हात वर करून मतदान कसं होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

पैशाचा विषय काढल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. हे घराणं लोकांच्या करावर जगत नाही, उलट स्वतःच प्रचंड श्रीमंत आहे, एलजीटी ही मोठी बँक त्यांच्या मालकीची, व्हिएन्नात राजवाडे, चित्रांचा संग्रह असा की पडत्या काळात त्यांनी लिओनार्दो दा विंचीचं एक चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला विकलं होतं. खरं तर या घराण्याने हा देशच मुळी विकत घेतला होता, एक तुकडा 1699 मध्ये आणि दुसरा 1712 मध्ये, आणि नंतर दोनशेहून जास्त वर्षं कुणी तिथे राहायलासुद्धा आलं नाही, 1938 मध्ये पहिल्यांदा प्रिन्स तिथे मुक्कामाला आला. त्यामुळे 'मी निघून जाईन' या वाक्याला तिथे वजन आहे. आपण गेलो तर कुठे जाणार हा प्रश्न प्रजेला आहे, राजाला नाही.

त्यात 2012 चा काळ बघा. चार वर्षांपूर्वी, 2008 च्या फेब्रुवारीत, एलजीटीच्या ग्राहकांची चोरलेली यादी जर्मनीच्या हाती लागली होती, जर्मन पोस्टाच्या बड्या साहेबाच्या घरी धाडी पडल्या आणि 'करचोरांचं नंदनवन' म्हणून जगभर बोंब झाली. त्या यादीत भारतीय नावंही होती आणि ती आपल्या सरकारकडे आली, सरकार ती उघड करायला तयार नव्हतं, तेव्हा 4 जुलै 2011 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने राम जेठमलानींच्या याचिकेवर सरकारला चांगलं फैलावर घेतलं होतं. म्हणजे आपण ज्या उन्हाळ्यात टीव्हीवर काळ्या पैशाच्या गप्पा ऐकत होतो त्या काळ्या पैशातला एक धागा थेट त्या किल्ल्याखालच्या बँकेत जात होता, आपल्या लोकांना लिख्टेनस्टाइन हे नाव माहीत झालं ते त्यामुळेच. तर या भानगडीनंतर गुप्ततेचा जुना धंदा आटायला लागला, सरकारी तिजोरीत तूट, खर्चकपात, सगळीकडे धाकधूक. अशा वेळी लोक म्हणणार ना की आता घराण्याशी कशाला वाकडं घ्या, निदान ते तरी खंबीर आहेत? अडचण त्याच घराण्याच्या बँकेतून आली होती आणि आधारही तेच घराणं वाटत होतं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मराठी वाचकांपैकी बरेच जण इथपर्यंत येऊन म्हणतील की काहीही म्हण, पण निवडून आलेल्या चोरांपेक्षा एखादा शहाणा राजा परवडला. आपल्याकडे हे वाक्य कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं नाव घेऊन फार वेळा म्हटलं जातं, आणि शाहू महाराज होतेच तसे. पण आपल्याकडचंच दुसरं उदाहरण का विसरायचं? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938-39 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आणि पोलिश इंजिनियर मॉरिस फ्रीडमन व आपले चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्या मदतीने आपल्या छोट्याशा संस्थानाची सत्ता आपण होऊन गावच्या पंचायतींकडे दिली. कुणी मागितली नव्हती, आंदोलन नव्हतं, 'मी पुण्याला निघून जाईन' नव्हतं. शहाणा राजा म्हणायचाच असेल तर मला तो हा वाटतो. आणि आज कोल्हापूर-साताऱ्याच्या गाद्यांचे वारस लोकसभेत बसतात ते चिन्हावर मतं मागून, 2019 च्या पोटनिवडणुकीत उदयनराजे साताऱ्यात हरले आणि आकाश काही कोसळलं नाही, गादीचा मान होता तेवढाच राहिला. लोकांनी एखाद्या मुद्द्यावर 'नाही' म्हटलं म्हणून घराण्याचा अपमान होत नाही हे साताऱ्याला कळतं तर फाडुत्सला कळायला हरकत नसावी.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. 2015 मध्ये कायदा थोडा सैल झाला, बाईला स्वतःला शिक्षा होण्याचा धोका गेला, पण देशात गर्भपात अजूनही होत नाही, सीमा ओलांडावीच लागते. 2024 मध्ये संसदेने समलिंगी विवाहाचा कायदा 25 पैकी 24 मतांनी मंजूर केला आणि 2025 च्या 1 जानेवारीला तो लागू झाला. त्याच 2025 मध्ये ब्रिगिटे हास या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि हे त्या देशात जिथे बायकांना मतदानाचा हक्कच 1 जुलै 1984 ला मिळाला, तोही पुरुषांच्या सार्वमताने, दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला, जेमतेम 51 टक्क्यांनी. म्हणजे देश हलत नाही असं नाही, हळूहळू हलतो. पण प्रत्येक वेळी राजवाड्याला कितपत चालेल याचा अंदाज घेऊन हलतो.

तर माझी मागणी काय? व्हेटो काढा अशी नाही, ती त्यांची घटना, 76 टक्क्यांनी ठेवलीये, ठेवा. 1500 सह्या जमवून राजेशाही घालवा अशीही नाही, कारण तिथल्या बहुतेकांना ती नकोय आणि तो खटाटोप कुणी केला तर उलट राजवाड्यालाच आणखी एक मोठा विजय मिळेल. एवढंच करा की सार्वमत जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत राजवाड्याने व्हेटोबद्दल एक अक्षर बोलू नये. मत जरूर मांडावं, गर्भपात चूक वाटतो तर चूक म्हणून सांगावं, चर्चमध्ये सांगावं, पेपरात लिहावं, तो हक्क कुठल्याही नागरिकाइतका त्यांनाही आहे. फक्त 'मी सही करणार नाही' हे वाक्य मतमोजणीनंतर बोलावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, सार्वमत लागत नाही, कुणाचा अधिकार कापावा लागत नाही, नुसता एक पायंडा पाडायचा आहे आणि तो प्रिन्स एकट्याने पाडू शकतो. मग लोक 'नाही' म्हणाले तर ती खरी त्यांची 'नाही' असेल आणि त्यावर कुणाला बोलता येणार नाही, आणि 'हो' म्हणाले तर प्रिन्सनी खुशाल सही नाकारावी, पण ती 'हो' म्हणणाऱ्या बहुमताच्या तोंडावर, नाव-तारखेनिशी, आणि पुढच्या 15 ऑगस्टला त्याच लोकांना बागेत बिअर प्यायला बोलवायचं आहे हे माहीत असताना.